घाटातून आणलेलं हिरवं

मनवा या माझ्या भाचीच्या हट्टामुळे कोथरूडमधल्या एका टेरॅरियम वर्कशॉपला गेले होते. काचेच्या बरणीत तळाला खडी, तिच्यावर कोळशाचा चुरा, मग माती, मातीत दोन-तीन नाजूक रोपं आणि सगळ्यात शेवटी मॉस, म्हणजे पावसाळ्यात भिंती-कातळांवर येतं ते मखमली हिरवं. शिकवणारी मुलगी विशी-पंचविशीची, हाताची फार हळुवार. लांब चिमट्याने तिने मॉसचा एकेक तुकडा रोपांच्या बुडाशी बसवून दाखवला आणि बघता बघता बरणीतली माती दिसेनाशी झाली, आत पावसाळा उतरला. मनवाने श्वास रोखून आपल्या बरणीत तसंच केलं. टेबलाच्या मधोमध स्टीलच्या परातीत, ओल्या वर्तमानपत्रावर, सगळ्यांसाठीचं मॉस पसरून ठेवलं होतं. काठोकाठ भरलेली परात. मी सहज विचारलं, "हे आणता कुठून?" ती म्हणाली, "ताम्हिणी घाटातून, ताई. पावसाळ्यात जाऊन दोन पोती भरून आणतो. सुकवून ठेवलं की वर्षभर पुरतं. कितीही मिळतं तिथे." बोलण्यात कसलाही आडपडदा नव्हता. सुकलेला तपकिरी चुरा तिने मुलांसमोर ठेवला, त्यावर पाणी शिंपडलं आणि मिनिटभरात तो उलगडून हिरवा झाला तेव्हा मुलांइतकीच तीही खूश झाली.

"कितीही मिळतं" हे शब्द मात्र पौड रोडच्या गर्दीतून घरी येईपर्यंत आणि त्यानंतरही बरेच दिवस माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला कॉलेजपासूनचं दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे. मुलं बरण्या सजवण्यात गुंग असताना मी परातीतला एक तुकडा उचलून त्या भिंगाखाली धरला. वर्कशॉपमध्ये त्या सगळ्याला मॉस हा एकच शब्द होता, पण तळहाताएवढ्या त्या तुकड्यात निदान चार प्रकारची रोपं एकमेकांत शिरून वाढलेली होती. एक ओळखीचं, हायोफिला, पुण्यात कुठल्याही जुन्या भिंतीवर दिसतं. सुकलं की पानांच्या कडा आत वळवून घेतं. दुसरं फिसिडेन्स, त्याची पानं देठाच्या दोन बाजूंना एकाच पातळीत चपटी लावलेली. तिसऱ्याची लांब लोंबती काडी बघून कळत होतं की ते कातळावरचं नाही, कुठल्यातरी झाडाच्या खोडावरून ओढून काढलेलं आहे, कारण मागे सालीचा पापुद्राही तसाच चिकटून आला होता. चौथं मला ओळखता आलं नाही. त्याला बारीक लालसर दांड्या होत्या, दांड्यांच्या टोकाला अजून न उघडलेल्या बीजाणूंच्या कुप्या होत्या, आणि मी बघत असतानाच त्या दांड्यांच्या मधून डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक स्प्रिंगटेल नावाचा जीव टुणकन उडाला आणि परातीच्या काठावर पडला. मनवा म्हणाली, "मावशी, मला पण बघू दे." भिंगातून बघून ती बराच वेळ काही बोललीच नाही.

हे भिंग धरायला ज्यांनी शिकवलं त्या आमच्या बॉटनीच्या मॅडम. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि झाड डोळ्याकडे आणायचं, उलटं नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे सांगून सांगून त्यांचा घसा बसायचा. खंडाळ्याच्या सहलीत बाकीचे धबधब्याकडे धावायचे आणि मॅडम रस्त्याकडेच्या एका पाझरत्या कातळासमोर साडीचा पदर खोचून चक्क गुडघे टेकून बसायच्या. आम्हीही बसायचो. नाकाशी ओल्या मातीचा आणि कुजक्या पानांचा वास, मानेवर वरून ठिबकणारं गार पाणी, आणि भिंगाच्या गोलात एक पूर्ण रान. नमुना घ्यायचा तर अंगठ्याच्या नखाएवढा, तोही मोठ्या पट्ट्याच्या कडेचा. पट्टाच लहान असेल तर नुसतं बघून उठायचं. नमुना कागदाच्या पुडीत जायचा, आयुर्वेदाच्या दुकानात चूर्ण बांधून देतात तशा घडीच्या पुडीत, आणि पुडीवर तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहायचं: गाव, कातळ की झाड की माती, ऊन की सावली, तारीख. शाई पावसात पसरते म्हणून पेन्सिल. इतर झाडं हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, दाबून कागदावर चिकटवतात, मॉस मात्र पुडीतच राहतं, आणि वर्षांनी पुडी उघडून थेंबभर पाणी घातलं की त्याची पानं पुन्हा अशी पसरतात की सूक्ष्मदर्शकाखाली काल तोडल्याइतकं स्पष्ट दिसतं.

घरी मात्र शेवाळ म्हणजे शत्रू. नारायण पेठेत आजोळी वाड्याच्या मागच्या चौकात एक दगडी हौद होता आणि हौदापासून मोरीपर्यंतची फरसबंदी आषाढ लागला की हिरवी व्हायला लागायची. आजी दर रविवारी नारळाची शेंडी आणि विटेचा भुगा घेऊन बसायची आणि सगळं खरवडून काढायची. तिची जाऊ तिथेच घसरून पडली होती आणि खुब्याच्या हाडातून कधी उठलीच नाही, त्यामुळे त्या खरवडण्यात नुसती स्वच्छता नव्हती, भीती होती. मला दोघींचंही पटतं, आजीचंही आणि मॅडमचंही. चौकातली ती हिरवी पुन्हा पुन्हा यायची. वाड्याच्या उत्तरेकडच्या भिंतीच्या सांध्यांतून, जिथे आजीचा हात पोचत नव्हता तिथून, ती पुढच्या पावसात खाली उतरायची. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा मला हौदाचं वाईट वाटलं होतं. त्या भिंतीचं वाईट वाटायला बरीच वर्षं जावी लागली.

शाळेत आपण सगळ्यांनी ब्रायोफायटांना, म्हणजे मॉस आणि लिव्हरवर्टसारख्या त्याच्या भाऊबंदांना, "वनस्पतिसृष्टीचे उभयचर" म्हणून पाठ केलंय आणि दोन मार्क मिळवून विसरलोय. पण त्या एका ओळीत त्यांची सगळी ताकद आणि सगळी लाचारी आहे. मॉसला खरी मुळं नाहीत, नुसते मूलाभ, तेही मुख्यतः धरून राहण्यापुरते. पान बहुधा एका पेशीच्या जाडीचं. पाऊस आला की ते सर्वांगाने पाणी पितं, ऊन आलं की सर्वांगाने सुकतं, आणि सुकलं म्हणजे मेलं असं नाही. मे महिन्यात घाटातल्या झाडांच्या खोडांवर जी काळपट तपकिरी पुटं दिसतात ती जिवंत असतात, वळवाच्या पहिल्या सरीला हिरवी होतात. अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर कायम गोठलेल्या थरातून काढलेलं पंधराशे वर्षांहून जुनं मॉस प्रयोगशाळेत पुन्हा वाढू लागल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं, ते वाचून मी कितीतरी वेळ खिडकीशी उभी होते. इतका चिवट जीव. आणि त्याच जिवाला पुढची पिढी जन्माला घालायची तर नर रोपातल्या शुक्रपेशीला पाण्याच्या पापुद्र्यातून पोहत मादी रोपापर्यंत जावं लागतं. काही सेंटिमीटर, त्यापलीकडे तिची मजल नाही. २००६ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की स्प्रिंगटेल आणि माइट यांच्यासारखे बारीक जीव या शुक्रपेशी अंगावर वाहून नेतात, फुलांसाठी मधमाशी जे करते तेच काम. म्हणजे परातीच्या काठावर येऊन पडलेला तो जीव तिथे उगाच नव्हता. कातळावरून मॉसचा पट्टा ओढून काढतो तेव्हा आपण नर, मादी, त्यांच्यातली ओल आणि त्यांची ने-आण करणारे सगळे एकदम पोत्यात भरतो.

पट्टा परत भरून यायला किती काळ लागतो? अमेरिकेच्या वायव्य भागातल्या ओल्या जंगलांत सजावटीसाठी मॉस तोडण्याचा मोठा व्यापार आहे, तिथल्या अभ्यासकांच्या नोंदींप्रमाणे झाडावरचा ओरबाडलेला भाग भरून यायला दशकं लागतात. तिथे वर्षातला बराच काळ ओल असते. आपल्या घाटात पाऊस धो धो, पण चारच महिने. उरलेले आठ महिने मॉस वाट बघतं. आणि भरून येतं ते पूर्वीचंच येतं असंही नाही. मोकळ्या कातळावर आधी येतात ते दांडगे, कुठेही तगणारे प्रकार.

दुर्मीळ मॉसच्या ज्या गोष्टी मला माहीत आहेत त्या सगळ्या लांबच्या आहेत. इंग्लंडमध्ये डर्बीशायरला चुनखडीच्या एका दरीत थॅम्नोब्रियम अँगस्टिफोलियम नावाचं मॉस आहे. साऱ्या जगात ते त्या एका दरीतच सापडतं, झऱ्याच्या पाण्याने भिजणाऱ्या खडकाच्या एका लहानशा भागावर. त्याची नेमकी जागा सांगत नाहीत. झऱ्याचं पाणी आटलं, गढूळलं किंवा कुणी हौशी माणूस नमुना घेऊन गेला, तर एक प्रजाती पृथ्वीवरून संपते. हे वाचताना मला भीतीपेक्षा हेवा जास्त वाटला. तिथे पिढ्यान् पिढ्या कुणी ना कुणी त्या दरीत गुडघे टेकून बसलंय, म्हणून तर हे एकाच जागी आहे एवढं ठामपणे सांगता येतं.

आणि टाकाकिया. हे नाव मॅडमनी एकदा फळ्यावर लिहिलं होतं तेव्हा ते मॉस आहे की दुसरंच काही, यावरच शास्त्रज्ञांत मतभेद होते. त्याच्या बीजाणूंच्या कुप्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. नव्वदीच्या दशकात अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर त्या सापडल्या आणि ते मॉसच आहे हे ठरलं. दोनच प्रजाती, जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ नोरिओ टाकाकी यांच्या नावाच्या. आपल्या हिमालयातही आहेत. २०२३ साली चिनी आणि जर्मन संशोधकांनी दहा वर्षांहून अधिक काळ तिबेटच्या पठारावर जाऊन केलेलं काम प्रसिद्ध झालं. टाकाकियाचा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांचा आहे. हिमालय त्याच्यानंतर जन्मला. जमीन वर वर उचलली गेली तसं टाकाकियाही तिच्याबरोबर वर गेलं, वर्षातले आठ महिने बर्फाखाली काढायला शिकलं, उरलेल्या दिवसांतलं जहरी ऊन सोसायला शिकलं. त्याच्यात झपाट्याने बदलत गेलेल्या जनुकांची संख्या थक्क करणारी आहे. एवढं सगळं शिकलेलं ते रोप आता तिथल्या वाढत्या उष्णतेपुढे दरवर्षी थोडं थोडं आकसतंय, शेजारच्या इतर मॉसपेक्षा जास्त वेगाने. कोट्यवधी वर्षांत डोंगर उंच होत गेले तो वेग त्याला झेपला. हा झेपत नाही. संशोधकांनी प्रयोगशाळेत काही रोपं वाढवून परत पठारावर लावली आणि त्यातली काही पाच वर्षांनीही तग धरून आहेत, एवढाच काय तो दिलासा.

मी हे सगळं सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आणि आपल्याकडचं कुठलं धोक्यात आहे?

इथे मी अडते. आपल्या जिल्ह्यात शिवसुमन आहे, जुन्नरच्या कड्यांवरचं, शिवनेरीवरचं. त्याला लालसर देखणं फूल आहे, नावात शिवराय आहेत, त्यामुळे ते जपायला माणसं पुढे आली, रोपं वाढवली गेली, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ साली वनस्पतींचं प्रकरण जोडलं गेलं तेव्हा संरक्षित म्हणून सहा वनस्पती निवडल्या गेल्या. घटपर्णी, कूठ, दोन प्रकारची व्हँडा ऑर्किड, स्लिपर ऑर्किड आणि एक सायकस. मॉस एकही नाही. युरोपात २०१९ साली सगळ्या ब्रायोफायटांची लाल यादी तयार झाली, पाचातली एकाहून जास्त प्रजाती धोक्यात निघाली. ती यादी शक्य झाली कारण तिथे दीडशे-दोनशे वर्षांपासून धर्मगुरू, डॉक्टर, शाळामास्तर अशी माणसं सुट्टीच्या दिवशी मॉस गोळा करून पुड्यांवर तारखा घालत आली आहेत. धोक्यात आहे असं म्हणायला आधी किती होतं ते कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं. पुण्यात ते लिहिण्याची परंपरा नाही असं कसं म्हणू? १९५५ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र इथे आहे. १९४६ साली सुरू झालेली, आता आघारकर संशोधन संस्था म्हणून सगळ्यांना माहीत असलेली संस्था इथे आहे. कॉलेजांमधून बॉटनीचे वर्ग दर पावसाळ्यात सिंहगडावर, खंडाळ्याला, महाबळेश्वरला जातात. पण ती पोरं प्रॅक्टिकलच्या परीक्षेत येतात तेवढी रिक्सिया, अँथोसेरॉस, फ्युनारिया गोळा करून परततात, आणि नंतर त्यातलं जवळजवळ कुणीच मॉसकडे वळत नाही. मीही बँकेत नोकरीला लागले.

अंटार्क्टिकातल्या भारती या आपल्या संशोधन तळाजवळ एका भारतीय शास्त्रज्ञाला २०१७ साली एक मॉस मिळालं, पेंग्विनच्या विष्ठेवर वाढणारं. ते नवीनच आहे याची खात्री करायला काही वर्षं गेली आणि २०२१ साली ब्रायम भारतीएन्सिस या नावाने ते जगाला कळलं. त्या बातमीचा अभिमान वाटला. त्याच रात्री असंही वाटलं की मुळशीच्या मागे, पुण्याहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परतता येईल इतक्या अंतरावर, पुण्याच्या कितीतरी पट पाऊस झेलणाऱ्या रानात काय काय असेल.

वर्कशॉपनंतरच्या श्रावणात ताम्हिणीला गेले. मनवाही आली. रस्ता रविवारचा, गाड्यांनी भरलेला, भजी-मक्याच्या धुरात. वळणावरच्या एका धबधब्यापाशी गर्दी सोडून आम्ही थोडं मागे, ओहळाच्या कडेने आत गेलो. डोळे सावलीला सरावले तशी एकेक हिरवी वेगळी व्हायला लागली. दगडाच्या माथ्यावरची पिवळसर, कुशीतली गर्द, जिथे पाणी सतत उडतं तिथली जवळजवळ काळी. अंजनीच्या खोडावर लोंबणारी, बोटाने स्पर्श केला की थंड आणि आश्चर्यकारक मऊ. मातीच्या उभ्या कापावर सायथोडियमचे पापुद्रे, अंधारात फिकट चमकणारे. ते मॉस नव्हे, लिव्हरवर्ट, पण मनवाला सगळ्यात तेच आवडलं. आणि मग रस्त्याला लागून असलेल्या भागात, हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत, दोन-तीन खोडं सोललेली दिसली. वर हिरवं, खाली हिरवं, मध्ये उघडी तांबूस साल. शेजारच्या कातळावर नखांनी ओढल्याच्या खुणा. ती मुलगीच इथे आली होती असं मी म्हणत नाही. ऑर्किड विकणाऱ्यांना लागतं, मनीप्लँटच्या काठ्यांना लागतं, लग्नाच्या डेकोरेशनला लागतं, दिवाळीत किल्ल्यावर लावायला पोरांनाही लागतं. ताम्हिणीतलं बरंच रान २०१३ पासून अभयारण्य आहे आणि अभयारण्यातून परवानगीवाचून पानही नेता येत नाही, पण बिबट्याचं कातडं ओळखणाऱ्या चौकीवरच्या माणसाने पोत्यातल्या ओल्या हिरव्या गोळ्याला काय म्हणून अडवावं? त्याला कुणी शिकवलंय?

सोललेल्या खोडापाशी उभं राहून मनवाने विचारलं, "माझ्या बरणीतलं इथलंच का?" मी म्हटलं, असेल. ती रडली नाही, चिडलीही नाही. तिने भिंग मागून घेतलं आणि सोललेल्या भागाच्या कडेला काही परत येतंय का ते बघत बसली. मला त्या क्षणी काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. ती बरणी नसती तर ही पोर धबधब्याखालीच भिजत राहिली असती, इथपर्यंत आली नसती. ज्याने तिला मॉसचं वेड लावलं त्यानेच ही साल उघडी पडली. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं माफ होत नाही.

घरी आल्यावर मी त्या शिकवणाऱ्या मुलीला फोन केला. भांडायला नव्हे. तिला सांगितलं की मॉस वाढवता येतं. हायोफिला, चंदेरी दिसणारं ब्रायम अर्जेंटियम, हे आपल्याच गच्चीवर, पन्हाळीखाली, पाण्याच्या टाकीच्या सावलीत आपण न बोलावता येतात. मूठभर घेऊन चुरडलं, ट्रेमधल्या विटेच्या चुऱ्यावर पसरलं, पावसाळाभर ओलं ठेवलं की प्रत्येक तुकड्यातून नवं रोप फुटू शकतं. वेळ लागतो. या प्रकारांना काही धोका नाही, जगभरातल्या शहरांत ते फूटपाथवर वाढतात. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, घाटातल्याचा लूकच वेगळा असतो हो." तिचं म्हणणं खोटं नाही. लांब दांड्यांचं, पिसारलेलं, गर्द असं जे काही असतं ते सावलीच्या जुन्या रानातच वाढतं, गच्चीवर नाही. आणि नेमकं तेच विकत मिळू नये असं मला वाटतं. ती म्हणाली, बघते. या पावसाळ्यात तिने दोन ट्रे लावलेत, फोटो पाठवलाय. अजून मातीच जास्त दिसतेय.

जपणं म्हणजे नुसतं हात न लावणं, असं मला पूर्वी वाटायचं. मग इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका मॉसबद्दल वाचलं, डिट्रिकम कॉर्नुबिकम. १९६३ साली ते पहिल्यांदा सापडलं ते तांब्याच्या जुन्या खाणींच्या मुरमाड वाटांवर, जिथे तांब्याच्या विषामुळे दुसरं काही वाढत नाही. खाणी बंद पडल्या, वर्षं गेली, विष धुपलं, झुडपं वाढली, आणि मॉसची जागा जायला लागली. तिथे त्याला वाचवायचं म्हणजे झुडपं काढून जमीन उघडी ठेवायची. एकाला झरा लागतो, दुसऱ्याला बर्फ, तिसऱ्याला उजाड मुरूम. लंडनच्या क्यू उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी ब्रिटनमधल्या धोक्यातल्या मॉसचे तुकडे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायची पद्धत बसवली. आपल्याकडे नैनितालजवळ खुर्पाताल इथे उत्तराखंड वनविभागाने २०२० साली मॉस उद्यान उघडलं, पाटी लावून प्रकार दाखवले, शाळेतली मुलं तिथे जातात. हे सगळं हवंच. पण गोठवायचं काय, उद्यानात लावायचं काय, झुडपं कुठली काढायची, हे ठरवायला आधी त्या त्या मॉसचं नाव आणि त्याची सवय माहीत असलेलं माणूस लागतं. सह्याद्रीसाठी अशी माणसं आहेत, अगदी थोडी, आणि त्यांच्यामागून येणारी त्याहून थोडी.

मध्यंतरी जुन्या कॉलेजात गेले. मॅडम निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हर्बेरियमचं लाकडी कपाट तिथेच आहे. डांबरगोळ्यांचा तोच वास. आताच्या विभागप्रमुखांनी विश्वासाने किल्ली दिली. खालच्या खणात पुठ्ठ्याच्या खोक्यांत मॉसच्या पुड्या होत्या, काही आमच्या बॅचच्या, काही आमच्या जन्माच्याही आधीच्या. "खंडाळा, रेल्वे पुलाखाली, ओला कातळ, सावली." "सिंहगड, टाक्याची भिंत, पाण्याच्या रेषेच्या वर वीतभर." "कात्रज, जुन्या उच्छ्वासाच्या आत." पेन्सिलीची अक्षरं अजून काळी. काही पुड्यांवर फक्त वंशाचं नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह. रेल्वे पुलाखालचा तो कातळ आज तसा आहे का, टाक्याची भिंत गडसंवर्धनात घासून साफ झाली का, कात्रजच्या जुन्या पाणीनळाचा तो उच्छ्वास बुजला का, हे पुडीत लिहिलेलं नसतं. ते तिथे जाऊनच बघावं लागतं. विभागप्रमुख म्हणाल्या, मुलं द्यायला मी तयार आहे, बरोबर जायला कुणी नाही.

तेव्हा आम्ही काही जणी आता दर पावसाळ्यात त्या पुड्यांवरच्या पत्त्यांवर जायचं ठरवलंय. आमच्या बॅचच्या दोघी, सेकंड इयरची पाच-सहा मुलं, आणि मनवा, कारण तिची नजर आमच्यापेक्षा तीक्ष्ण आहे. जिथे जायचं तिथली परवानगी आधी काढायची. पुडीतलं मॉस त्या जागी अजून आहे का ते बघायचं, असेल तर पट्टा केवढा आहे ते मोजपट्टी ठेवून फोटोत घ्यायचं, कुप्या आल्यात का ते लिहायचं, नसेल तर "नाही" असं तारखेसह लिहायचं. प्रश्नचिन्हाच्या पुड्या ज्यांना खरोखर ओळखता येतील अशांकडे पाठवायच्या. आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात सिंहगडापासून सुरुवात. यायचं असेल त्यांनी दहापट भिंग, पेन्सिल आणि चिखलात चालतील असे कपडे आणावेत. पिशव्या नकोत. स्वारगेटहून पहाटेची बस आहे, ऊन चढायच्या आत टाक्यापाशी पोचायला हवं.